मराठी चित्रग्रंथांची वार्षिक निवड : काही निकष, काही आक्षेप

१

वर्ष संपत आले की मराठी नियतकालिकांतून वाङ्मयीन आढाव्यांना प्रारंभ होतो. कादंबरी, कथा, कविता, नाटक, आत्मचरित्र, समीक्षा हे त्यांतील कप्पे आता ठरून गेलेले आहेत. 'ललित' मासिकाने 'चोखंदळ वाचकांची निवड' या उपक्रमातून सामान्य वाचकालाही या व्यवहारात सामील करून घेतले आणि वार्षिक निवड ही केवळ समीक्षकांची मिरास नाही, हे दाखवून दिले. या सर्व निवडींत एका ग्रंथप्रकाराला मात्र अद्याप हक्काची जागा मिळालेली नाही. तो प्रकार म्हणजे चित्रग्रंथ.

चित्रग्रंथ ही संज्ञा येथे काहीशा व्यापक अर्थाने योजिली आहे. चित्रशिल्पादी दृश्यकलांविषयी लिहिलेले ग्रंथ हा तिचा एक भाग होय. शब्द आणि चित्र मिळून ज्यांचा आशय सिद्ध होतो अशी पुस्तके, मग ती मुलांसाठी असोत वा प्रौढांसाठी, हा दुसरा भाग. मूळ संहिता शब्दांचीच असली तरी रेखाटनांमुळे वा मुखपृष्ठामुळे जिचे वाचन वेगळे वळण घेते, अशी पुस्तके हा तिसरा. वार्षिक आढाव्यात यांपैकी पहिल्या प्रकाराची रवानगी बहुधा 'संकीर्ण' या सदरात होते, दुसऱ्याची 'बालवाङ्मया'त होते आणि तिसऱ्याची दखल घ्यावी असे कोणाला सुचतही नाही.

हा प्रश्न वर्गीकरणाच्या सोयीचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो वाचनविषयक समजुतीचा आहे. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर 'मुखपृष्ठ' आणि 'सजावट' असे दोन शब्द वर्षानुवर्षे छापले जात आहेत. त्यांतील 'सजावट' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. सजावट मंडपाची होते, दुकानाची होते, वरातीच्या घोड्याची होते. ती काढून घेतली तरी मूळ वस्तूला बाध येत नाही, असे या शब्दातच गृहीत आहे. ज्या भाषेने चित्राला सजावट म्हटले, त्या भाषेतील समीक्षेने चित्राकडे पाहिले नाही, यात नवल ते काय? समीक्षकाने संहिता वाचायची आणि सजावट नजरेआड करायची, अशी ही श्रमविभागणी आहे. तिचे परिणाम मात्र दूरवर पोहोचतात. नवी आवृत्ती निघताना रेखाटने गळतात, मुखपृष्ठ बदलते, चित्रकाराचे नाव श्रेयपानावरून नाहीसे होते आणि 'संहिता तीच आहे' या समाधानात वाचक, प्रकाशक आणि प्राध्यापक असे तिघेही राहतात.

मराठी विभागांनी दरवर्षी चित्रग्रंथांची स्वतंत्र निवड करावी, ती चित्रे वाचून करावी आणि तिची खरी कसोटी तालुक्याच्या ठिकाणी पाहावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही कसोटी पाहण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे स्थळ समोर ठेवले आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

२

मराठीत चित्रग्रंथांची परंपराच नाही, म्हणून समीक्षाही नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. परंपरा आहे, तिची नोंद विस्कळीत आहे.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट व्हावे. मराठी घराघरांतून श्रावणात सांगितल्या जाणाऱ्या व्रतकहाण्यांना महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या (१८६७–१९४४) समर्थ मराठी चित्रकाराची चित्रे लाभली. पण ती लाभली सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने केलेल्या इंग्रजी रूपांतराला. 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे ते पुस्तक १९१४ साली प्रसिद्ध झाले. कहाणी मराठी, चित्रकार मराठी आणि पुस्तक इंग्रजी वाचकाचे, असा हा योग होता. आदितवारच्या कहाणीतील स्त्रिया धुरंधरांनी ज्या लुगड्यांत, ज्या ओसरीवर आणि ज्या अदबीने उभ्या केल्या, तो लोकसाहित्याच्या अभ्यासकासाठी पुरावाच आहे. परंतु कहाण्यांवरील मराठी विवेचनात या चित्रांचा उल्लेख क्वचितच आढळतो. धुरंधरांनी आपल्या कलाजीवनाचा वृत्तान्त 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' (१९४०) या मराठी आत्मकथनात लिहून ठेवला. आत्मचरित्रांच्या अभ्यासात या ग्रंथाला जेवढे स्थान मिळावयास हवे होते, तेवढे मिळालेले नाही.

त्यानंतरच्या काळाकडे पाहताना छपाईच्या तंत्राचा विचार करणे आवश्यक आहे. खिळ्यांच्या छपाईत चित्र छापण्याचे मुख्यतः दोन मार्ग होते. छायाप्रकाशाच्या छटा दाखवावयाच्या तर हाफटोन ठसा करावा लागे. त्याला गुळगुळीत आर्ट पेपर हवा, म्हणून अशी चित्रे वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात चिकटवली वा शिवली जात. खर्च वाढे आणि पुनर्मुद्रणात तीच पाने सर्वांत आधी वगळली जात. रेषाचित्राचा जस्ताचा ठसा मात्र खिळ्यांच्या जोडीने त्याच साध्या कागदावर, त्याच फेऱ्यात छापता येई. मराठी पुस्तकांत आणि नियतकालिकांत रेषेची जी समृद्ध परंपरा निर्माण झाली, तिच्यामागे चित्रकारांची प्रतिभा होती, तसेच हे अर्थकारणही होते. कमी खर्चात शब्दाच्या शेजारी बसू शकणारी रेषा हीच मराठी ग्रंथचित्रणाची बोली ठरली. मुखपृष्ठाला मात्र रंगाचे स्वातंत्र्य होते आणि तेथे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी दोन पिढ्यांच्या वाचकांची दृष्टी घडविली. दलालांनी १९४५ पासून 'दीपावली' अंक काढून चित्रकार हाच संपादक असू शकतो, हे दाखवून दिले. मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक घरोघरी पोहोचविले. लोकप्रिय वाङ्मयाचा अभ्यास करताना अर्नाळकरांची वाक्ये तपासली जातात. वाचकाला पुस्तक उचलावयास लावणारे चित्र तपासले जात नाही.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांच्या कामाने हा प्रश्न अधिक टोकदार केला. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता होते. 'ललित'मधील जयवंत दळवींच्या सदराचा नायक ठणठणपाळ हा वाचकाच्या मनात हातोड्यासह उभा राहतो, तो सरवट्यांच्या रेषेमुळे. टोपणनावाला शरीर देणारी ही रेषा त्या सदराच्या विनोदाचा भाग नव्हे काय? पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील (१९६२) माणसांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. अंतू बर्वा वा नारायण यांची आठवण निघाली की वाचकाला वाक्ये आठवतात आणि त्यांच्याबरोबर एक बसण्याची, उभे राहण्याची ढबही आठवते. त्या ढबीचा काही अंश रेखाटनातून आलेला असतो. सरवट्यांसाठी 'रेषालेखक' ही संज्ञा रूढ झाली, ती अतिशय समर्पक आहे. रेषेला लेखन मानणारा शब्द मराठीत अशा रीतीने सिद्ध झाला. समीक्षेने मात्र तो गौरवपर विशेषण म्हणून स्वीकारला, संकल्पना म्हणून स्वीकारला नाही.

३

चित्रग्रंथांची निवड करावयाची तर निकष कोणते, हा पुढचा प्रश्न. चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने चित्राविषयी निर्णय देऊ नये, हा संकोच प्रामाणिक आहे. परंतु अनाठायी आहे. येथे चित्राचा स्वतंत्र निर्णय अपेक्षित नाही. शब्द आणि चित्र यांच्या संबंधाचा निर्णय अपेक्षित आहे आणि त्यासाठी लागणारी साधने मराठी सौंदर्यविचारात उपलब्ध आहेत.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींची मांडणी केली. पदव्युत्तर वर्गात ती नेमाने शिकविली जाते आणि बहुधा कवितेवर वापरून संपविली जाते. कलाकृतीच्या अंतर्गत घटकांसाठी योजिलेली ही त्रयी शब्द आणि चित्र यांच्या नात्याला लावून पाहिली, तर ती किती फलदायी ठरते, हे लक्षात येईल. मर्ढेकरांना हा विस्तार अभिप्रेत होता, असा येथे दावा नाही. त्यांच्या मांडणीत तो सामावू शकतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

संवाद म्हणजे चित्राने शब्दाची री ओढणे नव्हे. 'अपूर्वाई'ला (१९६०) शि. द. फडणीस यांची चित्रे लाभली. प्रवासवर्णनातील परदेश छायाचित्रांतून दाखविणे सोपे होते. फडणीसांच्या रेषेने परदेश दाखविण्याऐवजी परदेशाकडे पाहणारा भांबावलेला, मिस्कील मराठी माणूस दाखविला. पुलंच्या निवेदनाचा सूर ज्या पट्टीत लागतो, त्याच पट्टीत रेषेचा सूर लागतो. हा संवाद होय.

विरोधात चित्र शब्दाला छेद देते, किंवा शब्द जे सांगत नाही ते सांगते. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारलेले 'भीमायन' हे या संदर्भात आवर्जून अभ्यासावे असे पुस्तक आहे. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी संहिता लिहिलेले हे इंग्रजी पुस्तक २०११ साली 'नवयान'ने प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मपर टिपणांवर ते आधारलेले आहे. चित्रकथेच्या रूढ चौकटी या कलावंतांनी नाकारल्या. 'दिगना' या परंपरागत नक्षीच्या वळणांनी पानाचे भाग पाडले. याहून महत्त्वाचे म्हणजे संवादाचे फुगे. जिव्हाळ्याचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि अपमानाचे, जातीय विखाराचे बोलणे विंचवाची नांगी असलेल्या आकारात येते. वाक्य वरवर सौजन्याचे असले तरी नांगी दिसली की वाचक सावध होतो. शब्दाच्या पृष्ठभागाला चित्राने दिलेला हा छेद आहे. दलित आत्मकथनांच्या अभ्यासात भाषेतील उपरोधाची चर्चा विपुल झाली आहे. उपरोधाचे असे दृश्य व्याकरण मराठीच्या अभ्यासकाने पाहिले, तर त्या चर्चेला नवे परिमाण लाभेल.

समतोलात शब्द आणि चित्र एकमेकांसाठी जागा सोडतात. हे सर्वांत कठीण. ते साधण्याची शक्यता तेव्हा अधिक असते, जेव्हा लिहिणारा आणि चितारणारा हात एकच असतो. माधुरी पुरंदरे यांची मुलांसाठीची पुस्तके हे या दृष्टीने मराठीतील मोठे संचित आहे. राधा वा यश यांच्या घरातील वस्तू, माणसांच्या हालचाली, कोपऱ्यात चाललेले व्यवहार हे चित्रात असतात. म्हणून वाक्याला वर्णनाचे ओझे वाहावे लागत नाही आणि ते बोलीच्या सहज लयीत चालते. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'चित्रवाचन' असे आहे. त्या नावात या लेखाचा अर्धा मुद्दा सामावला आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. हा पुरस्कार साहित्यिकाचा आहे. त्यांच्या पुस्तकांतील साहित्य आणि चित्र वेगळे काढून दाखविता येईल काय, हा प्रश्न पुरस्काराच्या निमित्ताने विचारला जावयास हवा होता.

या तीन लयींपलीकडे एक प्रकार उरतो, तो निःशब्द चित्राचा. तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आणि तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची, हे फडणीसांचे 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरील चित्र मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. त्याला मथळा नाही. तरी त्यात पात्रे आहेत, प्रसंग आहे, पुढे काय होणार याची उत्सुकता आहे. कथनमीमांसेला आणखी काय हवे असते?

कलाविषयक ग्रंथांसाठी निकष वेगळा लागेल. तेथे पाहण्याच्या अनुभवाला मराठी गद्य कितपत पुरे पडते, हे तपासावे लागेल. द. ग. गोडसे (१९१४–१९९२) यांचे 'पोत' (१९६३), 'शक्तिसौष्ठव' (१९७२) आणि 'गतिमानी' (१९७६) हे ग्रंथ या निकषाचे मानदंड ठरावेत. गोडसे स्वतः चित्रकार, नेपथ्यकार आणि ग्रंथांची मुखपृष्ठे करणारे. बालपण सावनेरला आणि शिक्षण नागपूरला झालेले. 'पोत' हा विणकराच्या आणि कापडबाजाराच्या बोलण्यातला शब्द त्यांनी कलाविचाराच्या केंद्रस्थानी आणला. पारिभाषिक शब्द कोशातून घडवावा लागतो, हा समज त्यामुळे खोटा पडला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे याच्या पुढचे पाऊल. चित्र सुरू होण्यापूर्वीची चित्रकाराची मनःस्थिती वर्णन करताना बरव्यांचे गद्य जे संयमित, पारदर्शी रूप धारण करते, ते मराठी ललित निबंधाच्या इतिहासात नोंदले जावे, या योग्यतेचे आहे.

४

आता कारंज्याकडे वळता येईल. कारंजा म्हटले की अभ्यासकाला सामान्यतः वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) आणि तेथील जैन ग्रंथभांडारे आठवतात. कारंजा (घाडगे) हे दुसरे. नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावरील, वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे हे ठिकाण नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. येथे ग्रंथभांडाराची ख्याती नाही आणि कलादालन नाही. विदर्भातील कितीतरी तालुक्यांची हीच स्थिती आहे आणि म्हणूनच हे ठिकाण कसोटीला योग्य ठरते. महानगरातील वाचक चित्रग्रंथ दुकानात उभ्याने चाळू शकतो, प्रदर्शनात मूळ चित्र पाहू शकतो. तालुक्यातील वाचकासाठी पुस्तकातील चित्र हेच बहुधा एकमेव चित्र असते. चित्रग्रंथाची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्यापर्यंत तो सर्वांत उशिरा पोहोचतो, अशी ही विपरीत स्थिती आहे.

पोहोचलेल्या पुस्तकाचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. ग्रंथालयात पुस्तक आले की त्याची दाखल नोंद होते. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत असे रकाने भरले जातात. चित्रकारासाठी रकाना सहसा नसतो. तालिकीकरणाच्या नियमांत चित्रकाराच्या नावे जादा नोंद करण्याची मुभा आहे. परंतु ती ऐच्छिक असल्याने व्यवहारात बहुधा सोडून दिली जाते. पुढे पुस्तक खिळखिळे झाले की ते बांधणीला जाते. बांधणी करणारा मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो आणि कापडी कण्याचा जाड पुठ्ठा चढवितो. पुस्तक टिकते, दलालांचे किंवा मुळगावकरांचे चित्र रद्दीत जाते. मराठी मुखपृष्ठांचा इतिहास ग्रंथालयांपेक्षा हौशी संग्राहकांच्या घरी अधिक सुरक्षित राहिला, याचे हे एक साधे कारण आहे. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. चित्र हे सजावट आहे, असे एकदा ठरले की बांधणी करणाऱ्याने ते का राखावे?

तथापि तालुक्याच्या वाचकाला चित्रभाषा अपरिचित आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची, स्थापना १९६७ साली झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील मुलांच्या हाती सर्वाधिक संख्येने पोहोचलेले सचित्र पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक होय. फडणीसांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढली. बेरीज-वजाबाकीच्या रुक्ष पानावर विनोद आणि कुतूहल यांचा प्रवेश झाला, तो अशा चित्रांतून. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाने नामवंत चित्रकारांची चित्रे खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत नेली; त्याचे जुने अंक आता बालभारतीने संगणकावर वाचण्यासाठी विनामूल्य खुले केले आहेत. लोकवाङ्मय गृहाच्या द्वारे स्वस्तात मिळणारी सोव्हिएत बालपुस्तके ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात त्यांतील चित्रे आजही ताजी आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विसर्जन झाल्यावर तो ओघ आटला. कारंज्यासारख्या ठिकाणच्या आजच्या प्राध्यापकाची दृश्य अभिरुची या साधनांतून घडली आहे. ती कलादालनातून घडलेली नाही, एवढ्याने ती हीन ठरत नाही.

दुसरे असे की, चित्र हे शिक्षणाचा पाया आहे हा विचार वर्धा जिल्ह्याला परका नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात चित्रकलेला स्थान होते. १९४४ साली शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बसूंकडे शिकलेले देवीप्रसाद (१९२१–२०११) सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. नंदलालांनी रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' (१९३०) या बंगाली प्राथमिक पुस्तकासाठी केलेली लिनोकटची चित्रे बंगाली वाचक अक्षरांपासून वेगळी करीत नाही. अक्षर आणि चित्र त्याच्या स्मृतीत एकत्रच असतात. तो संस्कार घेऊन आलेल्या देवीप्रसादांनी सेवाग्रामच्या मुलांना काय काढावे हे सांगण्यापेक्षा ती काय पाहतात याकडे लक्ष दिले. या अनुभवातून त्यांचे बालकला आणि शिक्षण यांविषयीचे हिंदी पुस्तक सिद्ध झाले आणि पुढे 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हा इंग्रजी ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ साली प्रसिद्ध केला.

कारंज्याच्याच जिल्ह्यात घडलेल्या प्रयोगाचा हा ग्रंथ आहे. त्याची भाषा मराठी नाही, या कारणाने मराठी विभागांनी त्याकडे पाठ फिरवावी काय? बालसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत मूल काय वाचते याची चर्चा होते. मूल काय चितारते आणि त्यातून जगाचे कथन कसे करते, हे सांगणारा ग्रंथ त्या चर्चेबाहेर राहणे हे मराठीच्या अभ्यासाचेच नुकसान आहे.

५

अशा निवडीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे काम कलामहाविद्यालयांचे आहे. कलामहाविद्यालये चित्रकाराची परंपरा जपतात आणि सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादिलेल्या 'शिल्पकार चरित्रकोशा'च्या दृश्यकला खंडाने (२०१३) त्या परंपरेची मोलाची नोंद केली आहे. परंतु चित्राचे संहितेशी असलेले नाते तपासणे हे संहितेच्या अभ्यासकाचेच काम होय. ते त्याने केले नाही, तर दुसरे कोणी करणार नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा. वर्षाकाठी दखलपात्र मराठी चित्रग्रंथ निघतात तरी किती? समजा, एखाद्या वर्षी चारच निघाले, तर चारांचीच निवड करावी. एकही न निघाला, तर तसे नमूद करावे. अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून दिले जाते आणि न्यूयॉर्क टाइम्सची सर्वोत्तम सचित्र बालपुस्तकांची वार्षिक निवड १९५२ पासून चालत आली आहे. अशा निवडींमुळे चित्रकाराचे नाव वाचकाच्या जिभेवर येते, प्रकाशकाला चित्रावर खर्च करण्याचे बळ मिळते आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचा दर्जा आदल्या वर्षीच्या निवडीशी ताडून पाहता येतो. निवडीचा अभाव हे निर्मितीच्या अभावाचे एक कारणही असू शकते.

तिसरा आक्षेप किमतीचा आणि तो सर्वांत खरा आहे. चित्रग्रंथ महाग असतात. तालुक्यातील ग्रंथालयाचे अनुदान मर्यादित असते आणि तेवढ्या रकमेत पाच कादंबऱ्या येत असतील, तर ग्रंथपालाने चित्रग्रंथ का घ्यावा? या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. येथेच विद्यापीठीय निवडीचे प्रयोजन आहे. ग्रंथालय संचालनालयाकडून दरवर्षी निघणारी शासनमान्य ग्रंथांची यादी हीच कारंज्याच्या कपाटावर प्रत्यक्ष परिणाम करणारी वार्षिक निवड होय. विभागाची सकारण निवड त्या यादीच्या वेळी पुढे ठेवता येईल. जिल्हा ग्रंथोत्सवात ती मांडता येईल. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपसांत एकेक प्रत घेऊन ती फिरती ठेवली, तर एका महाविद्यालयाला न झेपणारा खर्च पाचांना झेपेल.

याच्या जोडीला तीन लहान गोष्टी कोणत्याही अनुदानाविना करता येतील. दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात चित्रकाराचे नाव लिहावे. बांधणीला पुस्तक देताना मूळ मुखपृष्ठ आत चिकटवून घेण्याची सूचना द्यावी. आणि पदव्युत्तर प्रबंधिकेच्या संदर्भसूचीत ग्रंथाचा उल्लेख करताना लेखकाच्या जोडीने चित्रकाराचेही नाव द्यावे. या तिन्हींना शाईखेरीज आणि चिमूटभर खळीखेरीज काही लागत नाही. पाच वर्षे हे केले, तर एका तालुक्यापुरता का होईना, मराठी ग्रंथचित्रणाचा विश्वसनीय दस्तऐवज तयार होईल आणि त्यावर एखाद्या विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय सापडेल.

वार्षिक निवड म्हटली की क्रमवारी, पुरस्कार आणि त्यांभोवतीचे वाद डोळ्यांसमोर येतात. येथे सुचविलेल्या निवडीचे स्वरूप अधिक साधे आहे. वर्षातून एकदा मराठीच्या अध्यापकाने आणि विद्यार्थ्याने काही पुस्तके समोर ठेवून पान उलटण्यापूर्वी चित्रावर थांबावे, त्यात काय आहे ते मराठीत लिहावे आणि शेजारच्या वाक्याशी त्याचे नाते काय, ते सांगावे. हे थांबणे कारंजा (घाडगे) येथील वर्गात जमले, तर ते मराठीच्या कोणत्याही वर्गात जमेल. मग श्रेयपानावरील 'सजावट' हा शब्द खोडण्यासाठी वेगळे आंदोलन करावे लागणार नाही. त्याच्या जागी कोणता शब्द लिहावा, हे विद्यार्थीच सांगतील.